वळचणीखालचा कोबा

आसेगावात कोणाला घराभोवती कोबा घालायचा असला की पुंजाजी गवंड्याला बोलावणं जायचं, आणि पुंजाजी होकार द्यायच्या आधी बायकोच्या तोंडाकडे बघायचा. लोक त्याची थट्टा करत. बायकोला विचारल्याशिवाय हा भिंतीला ओळंबाही लावत नाही, म्हणत. पुंजाजीला त्याचं काही वाटत नसे. चुना भिजवणं, विटांचा रोडा पसरणं, पाणी बाहेरच्या अंगाला जाईल असा ढाळ धरणं हे त्याचं काम होतं. पण कोबा पक्का होतो तो बडवण्यानं, आणि बडवणाऱ्या बायकांची पुढारीण होती त्याची बायको मनकर्णाबाई.

त्या वेळी वाशीमच्या बाजारातही सिमेंट क्वचित दिसे. आसेगावसारख्या गावात घराच्या कडेनं काही पक्कं करायचं म्हणजे चुन्याचा कोबाच. चुना, सुरखी म्हणजे विटांची भुकटी, आणि विटांचे तुकडे एकत्र कालवून भिंतीलगत वीतभर जाडीचा थर द्यायचा. मग बायकांनी ओळीनं उकिडवं बसायचं आणि लाकडी थाप्यांनी तो दिवसचे दिवस बडवायचा. अधूनमधून गुळाचं आणि बेलफळाचं पाणी शिंपडायचं. पहिल्या दिवशी थापी आत रुतते आणि आवाज ओला, जाड येतो. पुढे थापी उसळायला लागते. शेवटी एका वेळी असा आवाज येतो की पितळी परातीवर बोट मारावं. त्याला ही माणसं 'कोबा बोलला' असं म्हणत. बोलल्याशिवाय वरचा गुळगुळीत हात द्यायचा नाही, हा नेम होता. आणि कोबा बोलला की नाही हे मनकर्णाबाईइतकं नेमकं कोणालाच कळत नसे. संध्याकाळी पुंजाजी एवढंच विचारायचा, "बोलला का?" ती "नाही" म्हणाली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बायका बसत. "बोलला" म्हणाली की तो स्वतः एकदाही ठोकून न बघता वरच्या चुन्याच्या तयारीला लागे.

मनकर्णाबाई बुटकी, काटकुळी बाई होती. सासरी आली तेव्हा सासूनं तिच्या हातात थापी दिली, ती हातातून सुटली नाही. तळव्याला फोड आले, फुटले, त्यांचे घट्टे झाले. गुडघे वाकलेलेच राहिले. एक मुलगी होती, ती अनसिंगला दिली होती. बोलणं कमी, हसणं त्याहून कमी. बायका गाणी म्हणत, एकमेकींची चेष्टा करत, आणि ही मान खाली घालून थापीचा आवाज ऐकत बसे. तिच्या हाताखाली काम करायला बायका कुरकुरत, पण कामाला तिच्याच हाताखाली येत.

१९३७ च्या उन्हाळ्यात इंद्रभान पाटलाचं बोलावणं आलं. इंद्रभानाचं शेत मोठं, घर मोठं. पांढरीच्या मातीच्या जाड भिंती आणि वर कवेलूंचं, म्हणजे कौलांचं छप्पर. अशा घराला पावसाळ्यात वळचणीचं पाणी खातं. पागोळ्या भिंतीच्या पायाशी पडतात, चिखल उडतो, बूड ओलं होतं आणि दरवर्षी ओंजळभर माती सुटते. उत्तरेची भिंत तर चांगलीच पोखरली होती. इंद्रभानानं ठरवलं, चारी बाजूंनी कोबा करून टाकायचा.

कोबा घालण्याला आणखीही एक कारण होतं आणि ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं. इंद्रभानाला मूल नव्हतं. त्याच्या बायकोला, गोजराबाईला, तीन लेकरं झाली. दोन मुलगे आणि एक मुलगी. एकाचंही बारसं झालं नाही. आता इंद्रभानाच्या आईनं, रुखमाबाईनं, मंगरुळाकडची एक मुलगी बघून ठेवली होती. दिवाळी झाली की दुसरं लग्न.

काम सुरू झालं त्या दिवशी रुखमाबाई अंगणात खाट टाकून बसली. थकलेली पण आवाजानं खणखणीत म्हातारी.

"पुंजाजी, असा कोबा कर का उंदराले दात लावता नाही आला पाह्यजे!"

"उंदराचं सोडा आत्याबाई," रोडा पसरता पसरता पुंजाजी म्हणाला, "कुदयीचा दात मोडन."

"आन लवकर कर बापा. दिवाई झाली का मांडव हाय दारात."

थाप्या घेऊन आलेल्या बायकांत चंदाबाई म्हणून एक तोंडाळ बाई होती. ती मनकर्णाबाईच्या कानाशी लागून म्हणाली, "पाह्यलं का? जुन्या बायकोच्या डोयासमोर नव्या बायकोची वाट पक्की करून राह्यली म्हतारी."

"थापी ओली कर," मनकर्णाबाई म्हणाली. "वायली थापी चुना उचलते."

पूर्व आणि दक्षिण बाजू चांगली झाली. पश्चिमही झाली. उत्तरेला थर पसरून झाला त्या दुपारी बायका भाकरी खायला लिंबाखाली बसल्या होत्या. गोजराबाईनं मागच्या दारातून मनकर्णाबाईला हाक मारली. हातात ताकाचा लोटा होता.

गोजराबाई तिशीच्या आत-बाहेरची. अंगानं भरलेली, पण चेहरा असा, की घरात असूनही कोणीतरी आत बोलवायची वाट बघत उभी आहे. मनकर्णाबाईनं ताक घेतलं. लोटा रिकामा झाला तरी गोजराबाई हलेना.

"मनकर्णाबाई, एक इचारू का?"

"इचार ना माय."

"थ्या कोपऱ्यात बी बडवसान का?" तिनं उत्तरेच्या भिंतीच्या टोकाकडे, न्हाणीच्या पलीकडे, बोट दाखवलं.

"बडवाच लागन. काहून?"

"तठी माये तिघं हायेत."

मनकर्णाबाईला विचारावं लागलं नाही. दात न आलेलं लेकरू गेलं तर त्याला जाळत नाहीत, पुरतात. आणि त्या बाजूच्या काही घरांत त्याला गावाबाहेर न नेता, कोऱ्या मडक्यात घालून, घराच्या वळचणीखालीच ठेवत. घराचं पाणी त्याच्यावर पडत राहावं, घरातली बोलणी त्याच्या कानावर जात राहावी, म्हणजे ते परकं होत नाही आणि त्याच आईच्या कुशीत परत येतं. पुरुष या गोष्टीत पडत नसत. घरातली मोठी बाई स्वतःच्या हातानं हे करी आणि त्याविषयी पुन्हा बोलणं होत नसे.

"सासूले सांग," मनकर्णाबाई म्हणाली. "थ्यायनंच ठेवले असतीन ना?"

"थ्यायनंच. आपल्या हातानं." गोजराबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "सांगतलं मी. थ्या म्हने, तिघं ठेवले, एक तरी आला का माघारी? आता यायचे असतीन त दुसरीच्या पोटाले येतीन."

मनकर्णाबाईनं रिकामा लोटा उंबऱ्यावर ठेवला.

"तुमचा कोबा दगडावानी होते म्हन्ते लोक. दगडातून कोन येते वो वरते? आन थापी... दिवसभर थ्यायच्या डोक्यावर थापी पडन."

"माय, मी काय करू मंग? कोबा त घालाच लागन. पाटलानं सांगतलं."

"घाला ना. मी कुठी नाही म्हन्तो. तेवढ्या जागेत बडवू नका. वरून दिसत नाही न बडवलं का नाही थे?"

"वरून नाही दिसत," मनकर्णाबाई म्हणाली. आणि म्हणताना तिच्या लक्षात आलं की आपण अर्धं कबूल करून बसलो.

पुढचा हिशेब तिनं एकटीनंच केला. नवऱ्याला सांगितलं तर तो तयार होणार नाही. कच्चा कोबा घालून त्यावर चुन्याचा हात फिरवणं त्याच्या लेखी लबाडीच होती. पण भिंत तर आजपर्यंत कोब्याशिवायच उभी होती. आजूबाजूचं सगळं पक्कं झालं आणि चार हात जागा तेवढी कच्ची राहिली तर किती बिघडेल? दोन वर्षांनी तडे गेले तर जाऊ देत, तेव्हा खणून नीट करता येईल. तोवर या बाईचं काय व्हायचं ते होऊन जाईल. असं तिनं स्वतःला समजावलं. तिला आवाज कळत होता, पण चुन्याखालचं पाणी कसं वागतं ते तिनं कधी पाहिलं नव्हतं. ते पुंजाजीला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी बायका ओळीनं बसल्या तेव्हा ती म्हणाली, "न्हानीपल्याडचा कोपरा मी एकलीच घेतो. तुमी अलीकडं सरका."

तिथं बसून तिनं थापी पूर्ण उचलली आणि हळूच खाली आणली. लांबून बघणाऱ्याला काही फरक दिसला नसता. पण तिच्या हाताला तो कळत होता. आयुष्यात पहिल्यांदा ती आवाज यावा म्हणून नाही, येऊ नये म्हणून थापी टाकत होती. खालचा रोडा सैल होता, भुसभुशीत. तिनं त्याला फक्त वरून सपाट केलं.

चंदाबाईचं लक्ष गेलंच.

"काय वो मनकर्णाबाई, आज जीव नाही का हातात? कोबा बडवून राह्यली का पोट्ट्याले थोपटून राह्यली?"

बाकीच्या बायका खो-खो हसल्या. मागचं दार किलकिलं होतं. ते आतून लागलं. मनकर्णाबाईनं मान वर केली नाही.

"तू आपलं पाह्य," ती म्हणाली. "तुया थापीखाली आजून पानी हाय."

संध्याकाळी पुंजाजी चुन्याच्या खड्ड्याकडून आला. धोतराला हात पुसत त्यानं विचारलं, "बोलला का?"

"बोलला," ती म्हणाली.

"सगया?"

असं तो कधी विचारत नसे. कदाचित काम संपल्याच्या आनंदात विचारलं असेल. मनकर्णाबाईनं थाप्या गोळा करायला घेतल्या. "सगया बोलला," ती त्याच्याकडे पाठ करून म्हणाली.

वरून बारीक चुन्याचा हात बसला, गुळगुळीत गोट्यानं घोटणं झालं, त्यावर ओला कडबा पसरून ठेवला. महिन्यानं कडबा काढला तेव्हा कोबा असा दिसत होता की शेजारच्या गावची माणसं बघायला आली. इंद्रभानानं पुंजाजीला फेटा बांधला. रुखमाबाईनं अनवाणी पायानं घराभोवती फेरी मारली आणि म्हणाली, "आता सून आली का तिच्या पायाले चिखल लागनार नाही."

पाऊस सुरू झाला तेव्हा कोब्यानं पाणी छान काढून दिलं. आखाड, श्रावण सरले. मनकर्णाबाई एकदोनदा निमित्त काढून पाटलाच्या घरामागून गेली. न्हाणीपलीकडे केसाएवढी रेघ उमटली होती. केसाएवढीच होती. गोजराबाई मागच्या दारात भांडी घासत होती. तिनं हिच्याकडे बघून मान हलवली, आणि त्या हलवण्यात एवढा विश्वास होता की मनकर्णाबाईला त्या रेघेविषयी नवऱ्याजवळ बोलणं झालं नाही. चार दिवस थांबून सांगू, असं म्हणता म्हणता भादवा उजाडला.

भादव्यात झड लागली. सूर्य दिसेना. कवेलूवरून पागोळ्या एकसारख्या गळत राहिल्या. गावातली पांढरीची भिंत न् भिंत हात लावला तर गार लागत होती. अशाच एका सकाळी, दूध काढायच्या वेळेला, इंद्रभानाच्या घराची उत्तरेची भिंत बुडातून बसली. मोठा आवाज झाला नाही. शेजाऱ्याला वाटलं, कोणी धान्याचं पोतं टाकलं. भिंत आत पडली, आणि आत भिंतीलगत रुखमाबाईची खाट होती.

माती उपसून तिला बाहेर काढलं तेव्हा ती गेलेली होती.

रुखमाबाईचं दिवसकार्य झालं. मग इंद्रभानानं पुंजाजीला बोलावून घेतलं. पाऊस उघडला होता. मनकर्णाबाई बोलावणं नसताना मागोमाग गेली आणि बायकांच्या घोळक्यात उभी राहिली. पुंजाजीनं थापी उलटी धरली आणि पूर्वेच्या टोकापासून दांड्यानं कोबा ठोकत निघाला. ठण. ठण. ठण. दक्षिण झाली. पश्चिम झाली. प्रत्येक ठोक्याला तेच उत्तर. उत्तरेला वळला. न्हाणीपर्यंत ठण. न्हाणीच्या पलीकडे गेला आणि दांडा पडला तो भद्द करून, ओल्या गोणपाटावर पडावा तसा.

त्यानं पुन्हा ठोकलं. मग वाकून तुटक्या कडेत हात घातला. विटांचे तुकडे सुटे निघाले, चुना बोटांत चिखलासारखा आला. त्याखालून पाणी झिरपत होतं. पुंजाजीनं मान वर केली ती सरळ बायकांच्या घोळक्याकडे. तो मनकर्णाबाईकडे किती वेळ बघत होता कोण जाणे. तिच्या मागं, दाराच्या आड, गोजराबाई डोक्यावरचा पदर दातात धरून उभी होती.

"काय झालं?" इंद्रभानानं विचारलं.

पुंजाजी उभा राहिला. "चुना कच्चा राह्यला पाटील. मीच नीट भिजवला नाही. मायाच हातची चूक हाय."

इंद्रभान ओरडला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "पुंजाजी, मायी माय गेली."

"भिंत मी उभी करून देतो पाटील. पानी सरलं का लागतो. आमी दोघं करू. कोबा बी पुन्ना घालून देतो."

"आन माय?"

पुंजाजीनं डोक्यावरचा फेटा काढून हातात घेतला आणि तसाच उभा राहिला. इंद्रभान आत निघून गेला.

घरी जाताना वाटेत चिखल होता. पुंजाजी पुढं, मनकर्णाबाई मागं. गावविहीर ओलांडल्यावर तो थांबला. मागं न बघताच त्यानं विचारलं, "तठी काय होतं?"

तिनं सांगितलं. लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. तो ऐकत राहिला. मग खाली बसला आणि चिखलात बोटानं एक रेघ ओढली.

"मले सांगतलं असतं त मी थो कोपरा उघडाच ठेवला असता," तो म्हणाला. "उघडी जमीन वायते. पाऊस थांबला का ऊन लागते, वारा लागते, वायते. कोब्याच्या खाली गेलेलं पानी कुठी जाईन? थे भिंतच खाईन ना."

"तुमी कबूल झाले नसते."

पुंजाजीनं ती रेघ तळव्यानं पुसली. "नसतोच झालो," तो म्हणाला. "माया कोब्याले मी भोक ठेवलं नसतं." मग उठला. "पर तू मले 'बोलला' म्हनून सांगतलं."

त्यापुढे त्या दोघांत या गोष्टीवर बोलणं झालं नाही. भांडण झालं नाही. त्यानं मारलं नाही, टाकून बोललाही नाही. पण त्या दिवसापासून पुंजाजीनं तिला कोणत्याही गोष्टीत विचारणं सोडलं. भाकरी वाढली तर खाई, नाही वाढली तर मागत नसे. घरात दोन माणसं, आणि चूल पेटल्याचा तेवढा आवाज.

दिवाळीनंतर जमीन सुकली आणि दोघं भिंतीच्या कामाला लागली. मदतीला खेमा नावाचा एक मजूर होता. जुना पाया ढिला झालेला, म्हणून पुरुषभर खोल खणायचं ठरलं. खेमा खणत होता, मनकर्णाबाई टोपल्यातून माती वाहत होती. न्हाणीपलीकडे पोचल्यावर खेम्याची कुदळ कशावर तरी खट्ट झाली.

"अरे बापा! मडकं निंगालं!" खेमा खड्ड्यातून ओरडला. "पुंजाजीबाबा, धन असन त अर्धं मायं बरं. आतापासून सांगून ठेवतो."

पुंजाजी चिखल तुडवत होता, त्याचे पाय थांबले.

"खेमा, वर ये," मनकर्णाबाई म्हणाली.

"काहून? धन एकलीच घेतं का?"

"वर ये म्हन्तो ना. जा, पानी पिऊन ये."

तिच्या आवाजात काहीतरी होतं. खेमा मुकाट्यानं वर आला. ती खड्ड्यात उतरली. तिनं कुदळ वापरली नाही, हातानंच माती बाजूला केली. मडकी फुटलेलीच होती, भिंतीच्या भारानं दबून गेलेली. आत काळपट माती आणि थोडं फार काही. तिनं ते सगळं टोपल्यात भरलं, कुठला तुकडा मागं राहिला नाही ना हे हात फिरवून बघितलं, आणि वर ओली माती पसरून टोपलं घेऊन मागच्या दाराशी गेली.

गोजराबाईनं टोपल्याकडे पाहिलं. तिला सांगावं लागलं नाही. ती उंबऱ्यावर बसली.

"पाया खोल न्यावा लागला माय," मनकर्णाबाई म्हणाली. "कुठी ठेवू?"

गोजराबाईची नजर घराच्या कडेनं फिरली. पूर्वेला कोबा. दक्षिणेला कोबा. पश्चिमेला कोबा, उन्हात चकाकणारा, एका रेघेतला, कुठं फट नाही. उत्तरेला नवा पाया, आणि त्याच्यावरही कोबाच येणार होता.

"वळचणीखाली जागा कुठी हाय?" ती म्हणाली. "चारी आंग बंद केलं तुमी."

मनकर्णाबाईला हातातलं टोपलं जड नव्हतं. तिनं आयुष्यभर त्याच्या दसपट ओझं वाहिलं होतं.

"घरात?" गोजराबाईनं विचारलं, आणि तिनंच मान हलवली. "नाही. घरात नाही ठेवत." मग ती म्हणाली, "न्या. पर कुत्रे उकरतीन असं नका ठेवू."

मनकर्णाबाई गावाबाहेर नाल्याच्या वरच्या काठाला गेली, जिथं पूर पोचत नाही तिथं. एका पळसाच्या बुडाशी तिनं खोल खड्डा घेतला, टोपलं रिकामं केलं, वर मोठे धोंडे रचले. घरापासून ती जागा लांब होती. तिथून पाटलाच्या घराचं कवेलूही दिसत नव्हतं.

भिंत उभी राहिली. कोब्याचा थर पसरला. बडवायला मनकर्णाबाई बसली तेव्हा बाकीच्या बायका आपसूक दूर सरकल्या. या वेळी तिनं थापी वरून आणली ती अंगातला सगळा जोर लावून. दिवसभर, दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्या दिवशीही. चंदाबाईनं एकही थट्टा केली नाही. मागचं दार पूर्ण वेळ बंद होतं. त्याखाली आता कोणी नाही, हे तिला ठाऊक होतं. तरी दर थापीला तिचा हात वरच्या वर अडखळे, आणि तिला तो रेटून खाली आणावा लागे. कोबा पक्का झाला तसा तिनं थापी धुऊन पुंजाजीच्या हत्यारांत ठेवली आणि पुन्हा कधी उचलली नाही.

तसं तिला कोणी बोलावलंही नसतं. पुंजाजीचा कोबा माणूस खातो, असं पंचक्रोशीत झालं. दोन-तीन कामं ठरलेली मोडली. पुढे वाशीमहून सिमेंटची पोती यायला लागली आणि नव्या गवंड्यांनी ती कामं घेतली. पुंजाजी सडकेच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागला. चूक चुन्याची होती हे तो शेवटपर्यंत सांगत राहिला. कोणी चेष्टेनं विचारलं तरी तेच सांगे. मनकर्णाबाई लोकांच्या शेतात निंदण-खुरपणीला जाई.

रुखमाबाईचं वर्ष होईपर्यंत इंद्रभानाचं लग्न लांबलं. ते एक वर्ष गोजराबाईला मिळालं. गावातल्या बायका तिच्या चालण्याकडे, खाण्याकडे नजर ठेवून होत्या. वर्षात काही झालं नाही. वर्षश्राद्ध झालं आणि मंगरुळाकडची मुलगी घरात आली. तिच्या पायाला चिखल लागला नाही.

पुढच्या पावसाळ्यात नवी सून गरोदर असल्याचं कळलं. त्यानंतर काही दिवसांनी, एका दुपारी, मनकर्णाबाईच्या दारासमोर बैलगाडी थांबली. गाडीत एक पेटी होती, एक वळकटी होती आणि गोजराबाई होती. ती माहेरी, मानोऱ्याकडे निघाली होती. कोणी घालवलं नव्हतं. कोणी राहा म्हणालंही नव्हतं.

"मनकर्णाबाई," ती खाली उतरत म्हणाली, "थे जागा दाखवता का?"

दोघी नाल्याच्या काठानं चालत गेल्या. गाडीवान सडकेवर थांबला. पळसाखाली धोंडे तसेच होते. भोवती गवत वाढलं होतं. वर पळसाची फांदी तुटलेली होती, त्यामुळे सावली धोंड्यांवर येत नव्हती, बाजूला पडत होती.

गोजराबाई खाली बसली. तिनं एका धोंड्यावर तळवा ठेवला आणि लगेच उचलला. धोंडा तापला होता.

"अठी ऊन लय लागते वो," ती म्हणाली.

मनकर्णाबाईनं धोंड्यांभोवतीचं गवत उपटायला घेतलं. ती म्हणाली, "मी येत जाईन माय. पानी टाकत जाईन. धोंडे हालले त पुन्ना लावत जाईन."

गोजराबाई उठली. लुगड्याला लागलेलं कुसळ तिनं एक एक करून काढलं.

"कायले?" ती म्हणाली. "आता कोनाले माघारी यायचं हाय?"

सडकेवरून गाडीवानानं हाक दिली. गोजराबाई गवतातून वाट काढत गाडीकडे गेली. मनकर्णाबाई तिथंच उभी राहिली. गाडी वळणापलीकडे गेली तेव्हा ती खाली वाकली, आणि पळसाच्या सावलीत येतील असे ते धोंडे एक एक करून सरकवायला लागली. सगळ्यात मोठा धोंडा तिला एकटीला हलला नाही.